पास आहे, पण उघडत नाही

आळेफाट्यापासून मंचरपर्यंत ज्या घरांतली मुलं परदेशी गेली, त्या घरांत हल्ली खुशाली कमी आणि फाइली जास्त येतात. लेकीचं बाळंतपण डलासला, मुलाचा संसार फ्रँकफर्टजवळ आणि आई-वडील नारायणगावात. तिकीट तिकडून निघतं, चेक-इनही तिकडूनच होतं आणि रात्री अकराच्या सुमारास व्हॉट्सॲपवर काहीतरी येऊन पडतं. फोटो नाही, पीडीएफ नाही. कोऱ्या कागदाचं चिन्ह, लांबलचक नाव आणि शेवटी टिंब देऊन ‘पीकेपास’. खाली चिरंजीवांचा मेसेज: ‘आबा, बोर्डिंग पास पाठवलाय. फक्त टॅप करा.’

‘फक्त टॅप करा’ म्हणणाऱ्याच्या घरात सगळ्यांचे फोन एकाच कंपनीचे असावेत. आमच्या भागातली परिस्थिती वेगळी. आबांचा अँड्रॉइड, त्यातली निम्मी जागा टोमॅटोच्या बाजारभावांच्या ग्रुपने आणि उरलेली सुप्रभाताच्या फुलांनी व्यापलेली. आबा टॅप करतात. ही फाइल उघडणारं ॲप नाही, असं फोन नम्रपणे सांगतो. आबा जरा जोरात टॅप करतात. मग नातवाने दिवाळीत विसरून गेलेला आयपॅड कपाटातून निघतो. सफरचंदाची फाइल, सफरचंदाचीच पाटी, आता का नाही उघडणार? पण आयपॅडला वॉलेट हे ॲपच दिलेलं नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! सुनेकडे आयफोन आहे, तिथे ही फाइल खरोखरच एका टॅपात उघडते. पण सून पुण्यात, आणि विमान आबांना गाठायचंय.

ही चीज ॲपलने 2012 साली आयफोनवर आणली. आधी ॲपचं नाव पासबुक होतं, 2015 पासून वॉलेट झालं. विमानाचा पास, नाटका-सिनेमाचं तिकीट, दुकानाचं सभासद कार्ड, सगळं एका जागी राहावं असा हेतू. हेतू चांगलाच होता. एकदा आत गेलेला पास दाखवायला इंटरनेट लागत नाही, आणि भीमाशंकरच्या जंगलात किंवा माळशेजच्या वळणांवर ज्याची रेंज गेली आहे त्याला याची किंमत विचारा. अडचण एवढीच, की पास कुठल्या फोनवर जाऊन पडणार आहे हे पाठवणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतं.

सकाळी आबांची स्वारी निघते ती स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे. सातबारा, पॅन कार्ड, पीकविमा, नीटचा फॉर्म आणि लग्नपत्रिकेचा मजकूर एकाच खुर्चीत बसून उरकणारा तिथला पोरगा म्हणजे या भागातला खरा तंत्रज्ञान विभाग. त्याने फाइल संगणकावर घेतली, नावाकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, आयफोनची हाय. पण आतून झिपच असती ही.” त्याने शेवटचं ‘पीकेपास’ पुसून ‘झिप’ लिहिलं. नाव बदललं तर फाइल निकामी होऊ शकते, असा इशारा विंडोजने दिला. पोराने तो न वाचताच ‘येस’ दाबलं. आणि डब्याचे थर सुटे करावेत तशी ती फाइल उलगडली.

आत काय होतं? कंपनीचं बोधचिन्ह, एक छोटं चित्र, ‘मॅनिफेस्ट’ नावाची यादी, ‘सिग्नेचर’ नावाची कुणालाही न वाचता येणारी सही आणि ‘पास डॉट जेसन’ नावाचा साधा मजकूर. तो नोटपॅडमध्ये उघडला तर आबांचं सगळं प्रस्थान तिथे लिहिलेलं: आडनाव आधी मग नाव, सीट, तारीख, वेळ. नव्हता तो फक्त क्यूआर कोड, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता नेमका तोच. आबांचा चेहरा पडला. “चित्रच टाकलं नाय व्हय त्यांनी?”

चित्र टाकलेलं नसतंच. फाइलमध्ये फक्त एक ओळ असते, अक्षरं आणि आकडे यांची, आणि ती कोणत्या पद्धतीने काढायची याची सूचना: क्यूआर, ॲझ्टेक, पीडीएफ417 किंवा कोड128. चौकोन काढायचं काम ज्याच्या त्याच्या फोनने आयत्या वेळी करायचं. पोरगा म्हणाला, “ओळ उचलतो, एका साइटवर टाकतो, क्यूआर करून देतो.” त्याला इथेच थांबवलेलं बरं. त्या ओळीत नाव आणि पीएनआर दोन्ही असतात, आणि पीएनआर-आडनाव ज्याच्या हाती लागलं त्याला तुमच्या तिकिटात ढवळाढवळ करता येते. अनोळखी साइटला ते देऊन टाकणं म्हणजे आपल्या प्रवासाची दवंडी पिटणं.

मध्येच आबांच्या लक्षात आलं की नावात एक ‘ए’ जास्त पडलाय. पोराने उत्साहाने तो खोडला, थर पुन्हा रचून फाइल बांधली आणि पुण्याला सुनेकडे पाठवली. सुनेच्या आयफोनने ती घेतलीच नाही. त्या मॅनिफेस्टमध्ये आतल्या प्रत्येक फाइलचा हिशेबी ठसा नोंदलेला असतो आणि त्या यादीवर पास देणाऱ्याची डिजिटल सही असते. एक अक्षर हललं की ठसा जुळत नाही, आणि ठसा जुळला नाही की पास रद्दी. मला हा बंदोबस्त आवडतो. आपल्याकडच्या किती दाखल्यांवर एखादं अक्षर हललं, तर ते कुणाच्या ध्यानात येईल?

पासाचं हे दुखणं नवं आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने जुन्नरहून पश्चिमेला नाणेघाटात जाऊन यावं. कोकणातल्या बंदरांवरून आलेला माल या घाटाने वर चढायचा, जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणपर्यंत जायचा. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीचं नाणं त्यात टाकायचं आणि बैल पुढे हाकायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. रांजणाने कुणाला ‘हे उपकरण चालत नाही’ असं सुनावल्याची नोंद नाही.

पण त्याच घाटातल्या गुहेत दुसरी गोष्ट आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा लेख तिथे भिंतीवर कोरलाय. कोणकोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, सगळं आकड्यांसकट. ब्राह्मी अंकांच्या जुन्यात जुन्या नमुन्यांत हे आकडे मोजले जातात. मजकूर जागोजागी झिजला तरी दगडावर टिकून, बॅटरीची कटकट नाही. आणि तरीही कित्येक शतकं ती फाइल कुणालाच उघडता आली नाही, कारण ब्राह्मी लिपी वाचणारं माणूसच उरलं नव्हतं. जेम्स प्रिन्सेपने 1837 च्या सुमारास लिपीचं कोडं सोडवलं, पुढे भगवानलाल इंद्रजींनी नाणेघाटातले अंक ओळखले, तेव्हा राणीचा हिशेब परत वाचला गेला. लिहिणाऱ्याने कितीही पक्कं लिहिलं तरी समोरच्याला वाचता आलं नाही तर सगळं फुकट, हे दगडालाही चुकलेलं नाही. आबांच्या फोनला मी म्हणूनच फार दोष देत नाही.

याउलट मुंबईच्या डबेवाल्यांचं बघा. हे लोक बहुतेक आमच्याच बाजूचे: खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ. 1890 पासून त्यांचा धंदा चालू आहे. डब्याच्या झाकणावर रंग, चार अक्षरं, दोन आकडे, की कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे ठरलं. ही खूण ना साहेबासाठी काढलेली, ना डबा भरणाऱ्या वहिनींसाठी. गर्दीत, घाईत, डोक्यावर ओझं असताना जो ती वाचणार त्याच्यासाठी ती काढलेली आहे. पीकेपास बनवणाऱ्यांनी एक दिवस या मंडळींबरोबर विरार लोकलला लटकायला हवं होतं.

कागदाचं महत्त्व आमच्याकडे 2020 मध्ये सगळ्यांनीच पाहिलं. टाळेबंदीत मुंबईहून गावी यायचं तर पोलिसांचा ई-पास लागे. अर्ज ऑनलाइन, मंजुरी ऑनलाइन, क्यूआर कोडही होता. पण घाट चढून येणाऱ्या गाड्यांच्या काचेला आतून चिकटवलेला असे तो प्रिंटच. नाक्यावरचा हवालदार लांबूनच काच बघायचा आणि हात हलवायचा. 2 सप्टेंबर 2020 पासून जिल्ह्याबाहेर जायला पास लागेनासा झाला, तरी काही काचांवरचा चिकटपट्टीचा डाग नंतर बरेच दिवस टिकून होता.

एसटीतही तेच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून फुकट प्रवास आहे, आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. नारायणगाव-जुन्नर गाडीत एका आजींचं आधार कार्ड नातवाने हौसेने फोनमध्ये टाकून दिलेलं. मोबाइलमधलं आधार चालतं, कंडक्टर बघायलाही तयार. पण फोनच कुलूपबंद, आणि उघडायचा आकार नातवालाच ठाऊक. “आजी, वय दिसतंय हो, पण मला कागद दिसला पाहिजे.” आजींनी शांतपणे पिशवीतून लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. “त्ये पोराच्या समाधानासाठी, ह्ये माझ्यासाठी.”

खोडदच्या दुर्बिणींकडे गेलात तर प्रश्नच मिटतो. 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या आकाशातली क्षीण रेडिओ कुजबूज ऐकत असतात, त्यात तुमच्या मोबाइलची बडबड नको म्हणून तिथे फोन बंद करायला सांगतात. वॉलेटात काय आहे याला तिथे अर्थ नाही.

तर आता कामाचं बोलू. आबांसारखी फाइल आली तर फोन हलवू नका, जोरात दाबूही नका. अँड्रॉइडवर असे पास उघडणारी ॲप मिळतात. गूगल वॉलेटही भारतात मे 2024 मध्ये आलं आहे. उतरवताना फाइलच्या नावाला मागे ‘झिप’ चिकटलं असेल तर तेवढं काढून बघा. ज्याच्याकडे आयफोन आहे त्याला पास उघडून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. बोर्डिंग पासासाठी बहुधा तेवढं पुरतं, कारण यंत्राला तो चौकोनच हवा असतो. काही कार्यक्रमांचे क्यूआर मात्र दर काही सेकंदांनी बदलतात, तिथे स्क्रीनशॉटचा उपयोग नाही. आणि सगळ्यात सोपं म्हणजे विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून पीडीएफ काढायची, नाहीतर विमानतळाच्या काउंटरवरून छापील पास घ्यायचा. आबांनी शेवटी हेच केलं, आणि तो कागद डलासहून परत येईपर्यंत पाकिटात जपून ठेवला.

डलास, फ्रँकफर्ट, सिडनी इथल्या समस्त मुला-मुलींना विनंती: पीकेपास खुशाल पाठवा, पण सोबत पीडीएफ जोडा, आणि ती आई-वडिलांच्या फोनवर उघडली हे व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय झोपू नका. आमच्याकडे झेरॉक्सचं दुकान नऊशिवाय उघडत नाही.