हव्यासाची हॉबी

मराठीत आवडीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : गोडी, छंद, नाद, वेड, व्यसन. बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्यात त्यांना शेजारच्या भाषांची भर पडते. निजामाच्या अमलातल्या उर्दूचा ‘शौक’ आहेच; १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याच्या कन्नडमध्ये ‘हव्यास’ म्हणजे निरुपद्रवी छंद. मराठीत तोच शब्द लोभाकडे झुकतो. एवढा साठा घरात असताना दिवसाला दहा कप चहा रिचवणारा स्वतःला ‘अ‍ॅडिक्ट’ म्हणवतो आणि अर्जात ‘हॉबी’चा रकाना भरतो. हॉबी म्हणजे मुळात इंग्रजांचे लहानखुरे तट्टू. घरचा शौक दावणीला बांधून परक्या तट्टावर मिरवण्याच्या या सवयीला इंग्रजी शब्द शोधायची गरज नाही. मराठीतली ‘खोड’ पुरेशी आहे.