आजार नवा हवा

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमाकवच लागतं आणि विमा कंपन्या ते मोठ्या उदारपणे देतात. बहुतेक पॉलिसींत अट एवढीच, की आजार जुना नसावा. साठी ओलांडलेल्या प्रवाशाने बीपी, शुगर आणि गुडघे शेजाऱ्यांकडे किल्लीसोबत ठेवून, कोऱ्या शरीराने विमानात बसावं, ही अपेक्षा रास्तच आहे. पॅरिसमध्ये छातीत कळ आलीच, तर ती जरा थोपवून आधी हेल्पलाइनवर पॉलिसी क्रमांक सांगावा. आजार जुना नव्हता हे सिद्ध करायला फॅमिली डॉक्टरांची जुनी फाइल मागवतात. तीत बीपीची एक गोळी सापडली की क्लेम नामंजूर. किती सुटसुटीत! पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च मात्र पॉलिसीत असतो. त्या खर्चाच्या क्लेमच्या अर्जावर, मृत्यूचं कारण नवीनच होतं, असं मयताने स्वतः सही करून दिलेलं बरं.