पटावर नसलेल्यांच्या बाई

इंग्लंडातल्या कुठल्याही मध्यम गावात मंगळवारी सकाळी अकराला सार्वजनिक वाचनालयात जा. शाळेची वेळ असूनही तीन-चार पोरं जमिनीवर पालथी पडून डायनोसॉरची पुस्तकं चाळत असतील आणि मधोमध एक बाई थर्मासमधून चहा ओतत असतील. पायात चिखलाचे गमबूट, खांद्याला पिशवी. पिशवीत सोललेली गाजरं, दुर्बीण, पट्टी-चिकटपट्टी आणि शिक्षण कायद्याची प्रत. मुलांना घरी शिकवणाऱ्या आया या देशात पुष्कळ आहेत, पण या त्यांच्या पुढारी. तसं म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. "आमच्यात कुणी पुढारी नसतो," हे त्या अशा अधिकारवाणीनं सांगतात की पुढं कुणाची बोलायची छाती होत नाही.

बर्कशायरमधल्या आमच्या गल्लीत अशा एक आहेत. मी आणि बायको आपसात त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो. त्यांचं नाव इथं देत नाही. ते कुठल्या यादीत येऊ नये यासाठीच तर बिचारीचा सगळा खटाटोप.

इथला कायदा पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. १९९६ च्या शिक्षण कायद्याचं सातवं कलम म्हणतं की मुलाला त्याच्या वयाला आणि कुवतीला साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळेल हे पाहणं पालकाचं कर्तव्य. मग ते शाळेत पाठवून पाहा किंवा अन्य प्रकारे. संपलं. मूल शाळेत कधी घातलंच नाही तर कुणाला कळवायचं बंधन नाही. घातलेलं काढायचं तर मुख्याध्यापकांना एक पत्र. ठरलेलं पाठ्यपुस्तक नाही, वार्षिक परीक्षा नाही. सोळाव्या वर्षीची परीक्षा द्यायची तर केंद्र आपण शोधायचं आणि फी आपण भरायची. आपल्याकडे तिन्हीसांजेला भीमरूपी म्हणावी तसं हे सातवं कलम बाई म्हणतात, आणि धाकटी दोन मुलं मागून सूर धरतात.

थोरली पाच वर्षांची असताना रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं, शनिवार-रविवारी नाही. बाईंनी एक सत्र वाट पाहिली आणि पत्र टाकलं. मग मुलीची 'शाळा उतरू दिली'. या मंडळींचा असा ठोकताळा आहे की मूल शाळेत जितकी वर्षं काढतं तितके महिने त्याला काही शिकवायचं नाही. नुसतं हिंडू-फिरू द्यायचं, म्हणजे अंगातली शाळा उतरते. माझी मॅट्रिक आणि पुढचं इंजिनिअरिंग धरून त्यांनी मला जवळजवळ दीड वर्ष सांगितलं. मी बायकोला विचारून बघितलं. ती नाही म्हणाली.

घरी काय नि कसं शिकवतात हे विचारू नये. उत्तर ओट्यापाशी सुरू होतं आणि बागेच्या टोकाला संपतं, आणि मधल्या वाटेत कंपोस्टाचा ढीग लागतो. एवढं खरं की धाकट्याला पक्षी ओळखता येतात, पाव करता येतो आणि कुठल्याही वयाच्या माणसाशी बोलता येतं. पाढे येत नव्हते. तिथं मी सापडलो. शनिवारी दुपारी मी त्याला पाढे शिकवतो. हल्ली आम्ही निमकीपर्यंत आलोय. मला ते सांगलीत आजोबांनी छडीच्या धाकावर शिकवले. छडीचा भाग बाईंना सांगितलेला नाही.

बाईंच्या आयुष्याचे दोन भाग पडतात, २००९ च्या आधीचा आणि नंतरचा. त्या वर्षी केंट परगण्याच्या शिक्षणखात्याचे माजी प्रमुख ग्रॅहम बॅडमन यांनी सरकारला अहवाल दिला. (या आडनावावर बाईंनी सोळा वर्षांत एकही विनोद केलेला नाही. इतका संयम माझ्याच्यानं झाला नसता.) घरी शिकणाऱ्या मुलांची दरवर्षी नोंदणी करा, अधिकाऱ्याला घरात यायचा आणि गरज पडली तर मुलाशी एकट्यानं बोलायचा हक्क द्या, असं त्यात होतं. मंत्री एड बॉल्स यांनी ते उचलून धरलं, विधेयक आलं, आणि तोवर जाम करण्यात नि चिखलात रमलेल्या शेकडो आया एका रात्रीत कायदेपंडित झाल्या. माहितीच्या अधिकाराखाली त्यांनी इतके अर्ज टाकले की खातं टेकीला आलं. त्या डिसेंबरात एका रात्री एकामागून एक खासदार उभे राहून आपापल्या मतदारसंघातल्या आयांचा अर्ज सादर करत होते. हे अर्ज अध्यक्षांच्या खुर्चीमागं टांगलेल्या हिरव्या पिशवीत टाकतात. त्या पिशवीबद्दल बाई पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्यासारख्या बोलतात. एप्रिल २०१० मध्ये निवडणूक लागली, जाता जाता पक्षांनी विधेयकांची वाटाघाट केली, त्यात घरशिक्षणाची कलमं गळाली. "आम्ही पाडली," असं बाई म्हणतात. निवडणुकीचाही थोडा हात असावा असं मला वाटतं, पण मी ते शनिवारी बोलत नाही. शनिवारी त्यांच्याकडे केक असतो.

२०२२ मध्ये तसंच विधेयक पुन्हा आलं आणि वर्षअखेर सरकारनं आपणहून गुंडाळलं. आणि १७ डिसेंबर २०२४ ला, सगळा देश नाताळच्या खरेदीत असताना, तिसरं आलं. या खेपेला सरकारकडे बहुमत भक्कम. प्रत्येक स्थानिक प्रशासनानं शाळेत नसलेल्या मुलांचं रजिस्टर ठेवायचं. मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, आईबापांचं नाव-पत्ता, आणि मूल आईकडून किती वेळ शिकतं, बापाकडून किती, आणि आणखी कोण शिकवत असेल तर तो कोण.

यातल्या 'किती वेळ'नं बाईंचा नवरा पार ढासळला. तो अबोल सुतार आहे. तो म्हणाला, "मी रंधा मारत असतो, पोरगं बघत असतं. त्यातला बघण्याचा वेळ माझा की त्याचा?" बाईंनी आठवडाभर प्रयोग म्हणून वही ठेवली. अंघोळीच्या पाण्यात तरंगण्याचा नियम निघाला: बारा मिनिटं, विज्ञान. आजारी मांजराला डॉक्टरकडे नेलं: तास, जीवशास्त्र, बिल पाहिल्यावर अंकगणित. पहाटे तीनला धाकट्यानं उठवून विचारलं की विश्वाच्या पलीकडे काय आहे. हे आईच्या खात्यात घालायचं, की झोपेत "बाबांना विचार" म्हणून ढकललं म्हणून बाबांच्या?

"आणि 'आणखी कोण' म्हणजे तुम्ही," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

पंचवीस वर्षं या देशात राहिलो, कर भरले, कुंपण नियमात ठेवलं. आता निमकीपायी माझी सरकारदरबारी नोंद व्हायची होती. त्या क्षणी मी चळवळीत ओढला गेलो. तत्त्वाचा तिथं काही संबंध नव्हता.

सरकारच्या बाजूनं मी एकदाच बोलून पाहिलं. बर्मिंगहॅममध्ये २००८ साली सात वर्षांची एक मुलगी उपासमारीनं गेली. आदल्या डिसेंबरात तिला शाळेतून काढलेलं होतं. बाईंनी कप खाली ठेवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत; एरवी त्यांचं असं होत नाही. मग म्हणाल्या, "तिचं नाव सगळ्यांना माहीत होतं. शाळेतल्या बायकांनी कळवलं होतं. तिच्या दारापर्यंत माणसं गेली होती. नाव नव्हतं म्हणून नाही गेली ती." नंतरच्या चौकशीतही हा मृत्यू टाळता आला असता असंच निघालं. मला त्यांचं अर्धं पटतं. उरलेलं अर्धं असं, की २०२४ च्या शरद सत्रातल्या मोजणीत इंग्लंडात १,११,७०० मुलं घरी शिकतात असा आकडा आला, आणि सरकार स्वतःच त्याला अंदाज म्हणतं. देशाला आपली मुलं किती हे नीट ठाऊक नसावं, हे मला चमत्कारिक वाटतं. मग आठवतं की आपल्या महाराष्ट्रात २०११ साली नांदेडसह राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो नावं पटावर सापडली आणि मुलंच सापडली नाहीत. बाईंना मी ही गोष्ट सांगितली आणि चूक केली. आता त्या प्रत्येक सभेत ती सांगतात, आणि 'नांदेड' हा शब्द बर्कशायरच्या तोंडी बसलाय.

सभा म्हणजे काय सांगू. शाळेची शिस्त नको म्हणून बाहेर पडलेली माणसं एका खोलीत बसवून त्यांच्याकडून एक ठराव करून घ्यायचा. एका कोपऱ्यात बायबल हाती घेऊन शिकवणारे. दुसऱ्यात, शाळेबाहेरच्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या जॉन होल्टची पुस्तकं वाचून मुलाला काहीच न शिकवणारे. तिसऱ्यात काटेकोर वेळापत्रकवाले, आणि हे बाकी सगळ्यांना आळशी समजतात. शिवाय ज्यांचं मूल शाळेत टिकलंच नाही, ज्यांना हे सगळं नाइलाजानं पत्करावं लागलं, असे थकलेले आईबाप. ते मागं बसतात आणि घड्याळाकडे बघतात. बाई टेबलावर चमचा वाजवतात. "एकेकानं बोला. हात वर करा." हात वर होतात.

विधेयकाविरुद्ध लंडनला संसदेवर मोर्चा न्यायचं ठरलं. त्यासाठी फलक रंगवले तेव्हाचा वाद मी जवळून पाहिला. नऊ वर्षांच्या एका मुलीनं सुंदर फलक केला, पण 'एज्युकेशन'च्या स्पेलिंगमधला 'यू' गायब. मुलांचं लिखाण दुरुस्त करायचं नाही, हे होल्टपंथीयांचं ब्रीद. वेळापत्रकवाले म्हणाले, वर्तमानपत्रांचे फोटोवाले सगळे फलक सोडून नेमका हाच टिपतील. पाऊण तास काथ्याकूट झाला. तत्त्वतः दुरुस्ती करू नये, असं ठरलं. सकाळी पाहिलं तर 'यू' जागेवर होता, किंचित वेगळ्या निळ्या रंगात. सुताराच्या अंगठ्याला तोच निळा होता. कुणी काही बोललं नाही. मुलीनं मात्र ओळखलं आणि वर एक फूल काढून ते झाकलं.

मोर्च्याच्या दिवशी लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनात उतरल्यावर बाईंनी पिशवीतून वही काढली आणि फलाटावर हजेरी घेतली. एकेक नाव, एकेक "हजर". मी खांद्यावरून डोकावलो. नाव, वय, पत्ता, आईचा मोबाइल, बापाचा मोबाइल, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण कशात रमतं, कोण वाट चुकतं. विधेयकातले सगळे रकाने होते, वर शेंगदाण्यांचा जादा. माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे, पण बाई वही मिटत म्हणाल्या, "ही माझ्याकडे आहे. आणि ही ज्यांची आहे त्यांनी मला दिलीय." मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

संसदेच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये मुलं मान वर करून सहाशे वर्षांचं लाकडी छत बघत राहिली आणि सुतारानं त्यांना सांधे कसे बसवलेत ते सांगितलं. त्या दिवसात तो तेवढंच बोलला. (चाळीस मिनिटं, बाबा.) पुढं मधल्या दालनात खासदाराला भेटायचं तर एक हिरवं कार्ड भरावं लागतं: नाव, पत्ता, काम काय. बाईंनी ते सुवाच्य अक्षरात भरलं, दुसऱ्यांची तपासली आणि एकाचा पिनकोड दुरुस्त केला.

मार्चमध्ये लोकसभेच्या जागी असलेल्या इथल्या कनिष्ठ सभागृहातून विधेयक पार पडलं आणि १ मे २०२५ ला उमरावांच्या सभागृहात चर्चेला आलं. उमरावांना मतदारसंघ नसतो, म्हणजे मतदाराचा धाकही नसतो. आठशेच्या वर उमराव, त्यांना गाठायचं कसं? बाईंनी यादी वाटली. घरटी एक उमराव दत्तक. सुताराला पूर्वी रेल्वेखात्यात असलेले एक लॉर्ड आले, मला एक बॅरोनेस. पत्र हातानं लिहायचं, छापील मजकूर उतरवायचा नाही, स्वतःचा अनुभव घालायचा.

मी घातला. निमकी घातली, सांगली घातली, छडी वगळली. बाईंनी कच्चा खर्डा बघायला नेला आणि परत आणून दिला. समासात लाल पेननं लिहिलं होतं: 'मुद्दा दुसऱ्या परिच्छेदात पहिला हवा', 'इथं भरकटलात', आणि खाली 'अक्षर जरा मोठं काढा. गुरुवारपर्यंत पुन्हा लिहून आणा.'

बुधवारी रात्री मी बायकोला म्हटलं, उद्या बाई आल्या तर ताप आहे म्हणून सांग.

"अहो, पण पोटात दुखतंय म्हणून सांगू की," ती म्हणाली. "ते त्यांना लगेच पटेल."