रॉकोबा

विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या पंगतीत बसेल असं हे नाव आम्ही त्याला कॉलेजच्या कँटीनमध्ये ठेवलं. तेव्हा अख्ख्या डोंबिवलीत असा प्राणी एकच आहे अशी आमची समजूत होती. १७ मे २०२५च्या शनिवारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलो आणि कळलं, की रॉकोबा हा माणूस नव्हे, जमात आहे. वय पन्नास ते अठ्ठावन्न. काळा टी-शर्ट. त्यावर क्रॉसला चिकटलेल्या पाच कवट्या, आणि पोटावर ताणल्या गेल्यामुळे पाचही हसतमुख. कपाळाला रुमाल, समोरचे केस गेलेत हे त्यामुळे झाकलं जातं आणि गायकासारखं दिसल्याचं समाधान वर मिळतं. उजव्या गुडघ्याला नी-कॅप. चेहऱ्यावर वऱ्हाड यायच्या वेळी वधूपित्याच्या तोंडावर असते ती काळजी.

हे सगळे ‘गन्स एन रोझेस’ ऐकायला आले होते. ‘गन्स अँड रोझेस’ म्हणू नये. आमचा रॉकोबा तेहतीस वर्षं लोकांचं हे चुकलेलं दुरुस्त करत आला आहे. त्याच्या जुन्या टी-शर्टावर मात्र, फॅशन स्ट्रीटवर घेतल्यामुळे, ‘गन एन रोझ’ असं एकवचनी छापलेलं होतं. तो टी-शर्ट आज हयात नाही. वहिनींनी त्याचं फडकं केलं, आणि स्लॅशसारखा गिटारवादक आठ वर्षं त्यांच्या स्वयंपाकघराची फरशी पुसत होता.

एरवी रॉकोबा हा अतिशय कायदेशीर माणूस आहे. आमच्या सोसायटीचा तो सेक्रेटरी. नोटीस बोर्डावर ‘जिन्यात चपला ठेवू नयेत’पासून ‘लिफ्टमध्ये मोठ्याने बोलू नये’पर्यंत जे काही लावलेलं आहे ते त्याच्या सहीचं. गणपतीत रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम सरकारने २००० साली केला. रॉकोबा तो नऊ पंचावन्नलाच अमलात आणतो. पोरं नाचत असतात आणि हा मंडपामागे जाऊन स्वतःच्या हाताने प्लग काढतो. त्या पोरांना आपण कुणाच्या हातून मरतो आहोत याची कल्पना नसते. याच हाताने रंगभवनात कुणाच्या तरी खांद्यावर बसून शर्ट फिरवलेला आहे.

रंगभवन म्हणजे धोबी तलावचं, झेवियर्सच्या शेजारचं उघडं नाट्यगृह. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचा. पाऊस आणि घाम यांतला फरक कळणार नाही अशा गर्दीत, डबा खाऊन आलेली मध्यमवर्गीय मुलं माना झटकायची आणि शेवटच्या कर्जत लोकलच्या वेळेला बरोबर भानावर यायची. बंडखोरीलाही वेळापत्रक असतं हे मुंबईत लहानपणीच शिकवतात. पुढे ते रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात सापडलं आणि २००३च्या सुमारास मुकं झालं. रॉकोबा अजूनही त्या रस्त्याने जाताना हळहळतो. तिथल्या लोकांचीही आपल्यासारखी झोपमोड होत असेल हे त्याच्या मनात येत नाही. मी एकदा सुचवून पाहिलं, तर म्हणाला, “त्याची तुलना गणपतीच्या गाण्यांशी करू नकोस.”

त्याला हा छंद लागला तो १९९२ साली, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. केबल नुकती आली होती. ‘नोव्हेंबर रेन’चा व्हिडिओ लागला. चर्चमध्ये लग्न चाललंय, आणि उंच टोपीतला स्लॅश अर्ध्यातून उठून बाहेर येतो आणि धुळीच्या माळावर एकटा उभा राहून गिटार वाजवतो. आम्ही दोघं तेव्हा इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला होतो. मला पहिला प्रश्न पडला, की गिटार इलेक्ट्रिक आहे तर हिची वायर कुठाय? रॉकोबाला हा प्रश्न पडला नाही. माझं आणि त्याचं आयुष्य तिथेच वेगळं झालं. त्याने शिकवणीच्या पैशांतून गिवसनची गिटार आणली. ‘नॉकिंग ऑन हेवन्स डोअर’ला तीन-चार कॉर्ड पुरतात, तेवढे तो शिकला. पाचव्याची गरज पडेपर्यंत नोकरी लागली. गिटार आता माळ्यावर, गौरीच्या मुखवट्यांच्या डब्याशेजारी असते. वर्षातून एकदा दोन्ही खाली येतात, मात्र पूजा एकीचीच होते.

त्याच्या वडिलांचा प्रश्न माझ्याहूनही मूलभूत होता. कॅसेट लागली की ते आतल्या खोलीतून विचारत, “त्याला कुणी मारतंय का?” वडील बालगंधर्ववाले. आजोबांच्या मांडीवर बसून त्यांनी बालगंधर्वांना पाहिलेलं, तेही उतारवयातले. साठीकडे झुकलेला देह, नेसलेला शालू, आणि तरी समोरची माणसं माना डोलावताहेत. “आवाज राहिला नव्हता,” वडील सांगत, “पण जागा राहिल्या होत्या.” विशीतल्या रॉकोबाला हे ऐकून फार हसू यायचं. शरीर थकलेल्या माणसाला पैसे देऊन बघायला जायचं म्हणजे काय वेडेपणा, असं तो मला जिन्यात म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं. मी ते वाक्य तेहतीस वर्षं जपून ठेवलं होतं.

मधल्या काळात बँड फुटला. १७ जुलै १९९३ला ब्युनोस आयर्सला गायक अ‍ॅक्सल आणि स्लॅश एकत्र मंचावर उभे राहिले, ते तेव्हाचं शेवटचं. स्लॅश १९९६ला गेला, बास वाजवणारा डफ १९९७ला. हे रॉकोबाने आपल्या भावकीतल्या जमिनीच्या दाव्याइतकं मनाला लावून घेतलं. त्या दाव्यातही दोन चुलते एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण तिथे निदान सातबारा तरी आहे. इथे नावावरून वाद, आणि नाव अ‍ॅक्सलकडे. पुन्हा एकत्र याल का, असं २०१२ साली कुणीतरी विचारलं तेव्हा अ‍ॅक्सलने ‘या जन्मी तरी नाही’ अशा अर्थाचं उत्तर दिलं. चार वर्षांनी तिघं एकत्र आले आणि दौऱ्याला त्यांनी तेच वाक्य नाव म्हणून दिलं. रॉकोबाला यात थोर विनोद दिसतो. वहिनी म्हणाल्या, “आम्हाला सात जन्मांचं मागायला लावतात, आणि यांना एकही निभवेना.”

२०१२च्या डिसेंबरात हा बँड मुंबईत येऊन गेला होता, तेव्हाही रॉकोबा गेला होता. पण तेव्हा जुन्यांपैकी अ‍ॅक्सल होता, स्लॅश नव्हता, डफ नव्हता. गोंधळ आहे, गोंधळी आहे, संबळ नाही. त्या कार्यक्रमाचा उल्लेख तो ‘ते श्राद्ध’ असा करतो. या वेळी मात्र तिघं येणार होते. जुन्या पाचांतला स्टीव्हन अ‍ॅडलर १९९०लाच घरी बसवला गेला आणि इझी स्ट्रॅडलिन १९९१ला स्वतःहून गेला, म्हणजे पाचांपैकी तीन. “गणपूर्ती होते,” रॉकोबा म्हणाला. सेक्रेटरी शेवटी सेक्रेटरीच.

तिकीट मुलीने काढलं. आभासी रांगेत तिचा नंबर लागेपर्यंत हा तिच्या मागे उभा राहून, राशनच्या रांगेत करतात तशी, “पुढे सरकली का?” अशी चौकशी करत होता. तिकिटाचा आकडा वहिनींना निम्मा सांगितला गेला. मग तयारी सुरू झाली. तिघांची वयं त्याने काढली: अ‍ॅक्सल ६३, डफ ६१, स्लॅश साठीला दोन महिने कमी. म्हणजे अ‍ॅक्सलला एसटीचं अर्धं तिकीट मिळायलाही अजून दोन वर्षं आहेत, मग आपण बावन्नव्या वर्षी का डगमगायचं? रोज संध्याकाळी मैदानाला पाच फेऱ्या. ब्लडप्रेशरची गोळी सकाळऐवजी दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून झालं. डॉक्टरांनी कारण विचारलं. याने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “कुठलं तिकीट काढलंत? मी मागच्या बाजूला आहे.”

उभ्याचं तिकीट काढल्याचा पश्चात्ताप त्याला आठवडाभर आधी झाला. तेव्हा त्याने मला अ‍ॅक्सलच्या खुर्चीची कथा सांगितली. २०१६ला पुन्हा एकत्र आल्यावर पहिल्याच कार्यक्रमात अ‍ॅक्सलचं पाऊल मोडलं, तेव्हा त्याने ‘फू फायटर्स’च्या डेव्ह ग्रोलचं सिंहासन उसनं घेतलं आणि पुढचे कार्यक्रम त्यात बसून गायले. ग्रोलने ते आदल्या वर्षी स्वतःचा पाय मोडल्यावर करवून घेतलं होतं. “म्हणजे बसण्याला परंपरा आहे,” रॉकोबा म्हणाला. घडीचं स्टूल आत नेऊ देतील का, अशी त्याने आयोजकांना मेलही केली. उत्तर आलं नाही.

जायचं कसं यावर दोन बैठका झाल्या. दादरहून महालक्ष्मीला सरळ लोकल असताना रॉकोबाला भुयारी मेट्रोनेच जायचं होतं, कारण ती वातानुकूलित, आणि टी-शर्ट घामाने आधीच खराब व्हायला नको. आठवडाभरापूर्वीच वरळीपर्यंत सुरू झालेली ती मेट्रो आम्हाला आचार्य अत्रे चौकात सोडून गेली. गन्स एन रोझेस ऐकायला जाताना आचार्य अत्र्यांच्या चौकात उतरावं लागलं, यावर खुद्द अत्र्यांनी अग्रलेख लिहिला असता. (नऊ दिवसांनी, २६ मेला, मोसमी पाऊस मुंबईत विक्रमी लवकर येऊन थडकला आणि याच स्टेशनात पाणी शिरलं. त्या चित्रफितीखाली रॉकोबाने ग्रुपवर लिहिलं, ‘नोव्हेंबर रेन’. सोसायटीतल्या अकरा जणांनी त्याला ‘मे’ असं दुरुस्त केलं.)

मैदानात शिरलो आणि हा हळवा झाला. जिकडे पाहावं तिकडे आपणच. एका रॉकोबाने दुसऱ्याला इलेक्ट्रालची पुडी दिली. तिसरा बायकोला समजावत होता, की हा आवाज नाही, हे साउंड-चेक आहे. ‘वेलकम टू द जंगल’ सुरू झालं आणि आमचा सेक्रेटरी अशा आवाजात ओरडला, की पुढची मुलगी फोन सोडून वळली. तिने याला नखशिखान्त पाहिलं आणि आदराने थोडी जागा करून दिली.

मग शब्दांचा प्रश्न आला. आमच्या पिढीने ही गाणी टेपवरून टेपवर उतरवलेल्या कॅसेटींतून पाठ केली. सोबत कागद नसायचा. अ‍ॅक्सल काय म्हणतो हे ज्याचं त्याने ठरवायचं. आरतीत ‘संकटी’ की ‘संकष्टी’ या वादात जशी घराणी पडतात, तशी इथेही पडली आहेत. रॉकोबा एक पाठ म्हणत होता, शेजारचा घाटकोपरचा रॉकोबा दुसरा, आणि दोघं एकमेकांकडे भक्तिभावाने पण संशयाने बघत होते. बरोबर शब्द फक्त त्या मुलीला येत होते. तिचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

सगळ्यात मोठं नियोजन लघवीचं होतं. रॉकोबाने आधीच्या कार्यक्रमांच्या याद्या अभ्यासून ठेवल्या होत्या. हे लोक तीन-तीन तास वाजवतात. तेव्हा ‘चायनीज डेमॉक्रसी’ या २००८च्या, स्लॅशविना निघालेल्या अल्बमातलं काही लागलं की निघायचं. त्यात काही चुकण्यासारखं नाही. तसं गाणं लागलं. आम्ही निघालो. पाहतो तर पाचशे रॉकोबा त्याच क्षणी, त्याच अभ्यासाने निघालेले. त्या अल्बमावर समीक्षकांनी बरंच लिहिलं आहे, पण त्या रांगेइतकं मार्मिक काही माझ्या वाचनात नाही.

परत आलो तो पियानो वाजत होता. मे महिन्याच्या उकाड्यात ‘नोव्हेंबर रेन’. रॉकोबाने फोन काढला. मेमरी भरलेली, सोसायटीच्या ग्रुपवरची ‘शुभ सकाळ’ची फुलं तिथे साठून राहिलेली. तो उभ्या उभ्या गुलाब पुसू लागला, एकेक करून. जवळपास नऊ मिनिटांच्या गाण्यातली चार मिनिटं अशी गेल्यावर मी त्याच्या हातातला फोन काढून घेतला. स्लॅश पुढे आला होता. अंगाने भरलाय, टोपी तीच. मला पुन्हा वायर आठवली. या वेळी तीही शोधावीशी वाटली नाही.

अ‍ॅक्सल वरच्या पट्टीत गेला तेव्हा आवाज पातळ होऊन मध्येच विरला. रॉकोबाने घाईघाईने माझ्याकडे पाहिलं, मुलाची कविता अडल्यावर आई पाहुण्यांकडे बघते तसं. “मुळातच ते अर्धा स्वर उतरवून वाजवतात,” तो म्हणाला, “आता वय झालं. पण थांबतो कुठे बघ. ती जागा बघ.”

तेहतीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य मी तेव्हाच काढायला हवं होतं. पण त्याच्या नी-कॅपची पट्टी सुटून घोट्यावर आली होती आणि ते त्याला कळलं नव्हतं, म्हणून राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी टाकी-दुरुस्तीची बैठक होती. सेक्रेटरीचा घसा पूर्ण बसलेला. तो चिठ्ठ्या लिहून पुढे सरकवत राहिला, आणि तीन वर्षं रखडलेला ठराव वीस मिनिटांत एकमताने संमत झाला. संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा पंच्याऐंशीचे वडील कानातलं यंत्र नीट करून बसले होते.

“उभ्याने पाहिलंत?”

रॉकोबाने मान हलवली.

“आवाज कसा आहे त्याचा?”

“वरचा गेलाय,” रॉकोबा कुजबुजला. “पण जागा घेतो, बाबा.”

वडील काही वेळ खिडकीबाहेर बघत होते. मी श्वास रोखून बसलो. त्यांनाही ते जिन्यातलं वाक्य ऐकू गेलं होतं की काय कोण जाणे.

“वन्स मोअर दिलात ना मग?”

“नाही,” रॉकोबा म्हणाला आणि सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे त्याची नजर गेली. “दहा वाजत आले होते.”

“दहा?” म्हातारा म्हणाला. “अरे, आमच्या वेळी दहाला पहिल्या अंकाचा पडदा वर जायचा.”