एका प्रश्नाला 45 सेकंद

एमबीए-सीईटीचा हिशेब सरळ आहे. 200 प्रश्न, 150 मिनिटं. प्रश्नामागे 45 सेकंद. त्यातले 25 प्रश्न निव्वळ आकृत्यांचे. चौकोन फिरतो, काळा ठिपका कोपरा बदलतो, पुढची आकृती ओळखा. रोज घोटून घेतलं की हे कुणालाही जमतं, आणि घोटून घेणारे क्लास पैसे मोजून घेतात. पेणच्या रामवाडीतल्या मुलीने त्यासाठी पनवेल नाहीतर ठाणं गाठायचं.

ती मुलगी गणपतीच्या कारखान्यात वाढलेली असेल, तर हंगामाआधी कर्ज किती उचलायचं, डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला उचल किती द्यायची, परदेशी जाणाऱ्या मूर्ती कधी बाहेर पडल्या पाहिजेत, कुठल्या व्यापाऱ्याला उधारी द्यायची नाही, हे तिला बारावीच्या आत कळलेलं असतं. यातलं एक अक्षरही ही परीक्षा विचारत नाही.

भाषेचं तर कोडंच आहे. ही परीक्षा घेणारा सीईटी कक्षच विधी शाखेची परीक्षा मराठीतून देऊ देतो, एमएचटी-सीईटीत जीवशास्त्रही मराठीतून सोडवता येतं. एमबीएचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत. पुढचं शिक्षण इंग्रजीत आहे, मान्य. म्हणून भाषेचे 50 प्रश्न इंग्रजीत राहू द्या. पण तर्क आणि गणित तपासताना इंग्रजी वाचण्याचा वेग कशाला मोजता?

बीबीए-बीएमएसलाही 2024 पासून सीईटी लावली. परीक्षा देणाऱ्यांपेक्षा जागाच जास्त निघाल्या. मग त्या भरायला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी सीईटी घेतली! निवड करायचीच नव्हती, तर बारावीच्या पोरांना परीक्षेला बसवलं कशाला?

परीक्षा बंद करा, असं माझं म्हणणं नाही. सगळं मुलाखतीवर सोपवलं, तर आडनाव, ओळखपाळख आणि इंग्रजी उच्चार यांचंच फावेल. लेखी पेपर त्याहून केव्हाही बरा. पण ज्या गुणांवर प्रवेश ठरतो, ते गुण खरे ठरतात का, हे तपासायलाच हवं. सीईटी कक्षाने विद्यापीठांकडून एमबीएचे अंतिम निकाल मागवावेत, प्रवेशावेळच्या पर्सेंटाइलशी ताडून पाहावेत आणि जिल्हावार, माध्यमवार आकडे जाहीर करावेत. आणि येत्या परीक्षेपासून तर्क व गणिताचे प्रश्न मराठीतही द्यावेत.