पात्याची नेमणूक आणि बडतर्फी

ज्याच्या घरी स्क्रोल सॉ येतो त्याची प्रारंभी अशी समजूत असते की आपण एक यंत्र विकत घेतले. वस्तुतः त्याने एक खाते उघडलेले असते, आणि त्या खात्याचा सगळा कारभार पाच इंच लांबीच्या एका पोलादी पात्याच्या हाती असतो. मोटार, लोखंडी मेज, वेगाची कळ, भुसा फुंकणारी नळी हा निव्वळ लवाजमा होय; काम करणारा नोकर एकच. असे असूनही यंत्रासाठी महिनाभर दुकाने पालथी घालणारा गृहस्थ पाती मात्र दुकानदार देईल ती, सुट्ट्या पैशांऐवजी गोळी पत्करावी तशी, निमूटपणे खिशात टाकून घरी येतो, आणि पुढे ती पटापट तुटू लागली म्हणजे पोलादाच्या, देशाच्या व एकंदर काळाच्या ऱ्हासाबद्दल बोलू लागतो. सबब पात्यांची नेमणूक, तैनाती व बडतर्फी यांविषयीचा पुढील मजकूर सर्व संबंधितांच्या माहितीसाठी जाहीर करण्यात येत आहे.

उमेदवारांचे मुख्य वर्ग दोन: पिनवाले आणि बिनपिनचे. पिनवाल्या पात्याच्या दोन्ही टोकांना एकेक आडवी खीळ असते, ती यंत्राच्या खाचेत अडकवली की काम भागते. त्यामुळे आळशी मालकाला हा उमेदवार फार पसंत पडतो. परंतु जाळीकामात प्रत्येक छिद्रातून पाते ओवावे लागते, आणि खिळीसकट ओवायचे म्हणजे छिद्र मोठे पाडणे आले. गणपतीच्या मखरात उंदीर कोरायला बसलेल्या गृहस्थाला असे आढळून येते की पाते आत जाण्यापुरते भोक पाडले एवढ्यानेच उंदराचा डोळा, कान आणि गालाचा काही भाग खर्ची पडला आहे. बिनपिनचे पाते दीड-दोन मिलिमीटरच्या भोकातून सुखेनैव जाते व स्क्रूच्या चिमट्यात आवळले जाते. म्हणून जाळीकामाची हौस असणाऱ्याने त्यालाच रुजू करून घ्यावे, आणि आपले यंत्र ते स्वीकारत नसेल तर यंत्रखरेदीच्या दिवशी आपली विवेकबुद्धी कोठे रजेवर होती याची खातेनिहाय चौकशी करावी.

उमेदवाराचा कुळवृत्तान्त पाहू गेल्यास घराणे चांगले आहे. चौदाव्या लुईच्या दरबारी आंद्रे-शार्ल बूल हा कारागीर कासवाची पाठ आणि पितळ यांचे पत्रे एकावर एक ठेवून एकदमच कापीत असे, ते अशाच बारीक पात्याने. पुढे १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नामक नकाशेकाराने, मुलांना भूगोल शिकवावा या सद्हेतूने, नकाशे फळीवर डकवून देशांच्या सरहद्दींवरून करवत फिरवली. नंतरच्या काळात ज्यांनी खऱ्याखुऱ्या सरहद्दी कापल्या त्यांच्याजवळ इतके बारीक पाते नव्हते, आणि तुकडे पुन्हा जुळवून दाखवण्याची अटही त्यांना कोणी घातली नव्हती.

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवीला पाती मागावयास गेल्यास दुकानदार मान वर न करता एकच प्रश्न विचारतो: “काका, लाकडाची का सोनाराची?” या प्रश्नाचे गांभीर्य काकांच्या ध्यानात येत नाही. सोनाराचे पाते दिसायला तितकेच लांब, किंबहुना अधिक देखणे असते व चिमट्यात बसतेही. परंतु ते चांदी-पितळेचा पत्रा कापण्यासाठी घडवलेले असल्यामुळे त्याचे दाते अगदी खेटून असतात. लाकडात त्या दात्यांमधल्या फटी भुशाने चोंदतात, भुसा बाहेर पडत नाही, पाते तापते, फळी काळवंडते आणि सोनार मात्र बदनाम होतो. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून श्रावणात प्लायवर मखर कापणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ज्यांना दुकानदाराच्या त्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही त्यांचे मखर साधारणपणे चतुर्थीच्या आदल्या रात्री बाजारातूनच येते.

आता श्रेणी. आकडा जितका मोठा तितके पाते जाड, येथवर व्यवहार सरळ आहे. पण शून्याशी पोहोचल्यावर उतरंड थांबत नाही, तर दोन शून्ये, तीन शून्ये अशी खाली जातच राहते, आणि शून्ये जितकी अधिक तितका अधिकारी नाजूक. सामान्य गृहस्थाने या पाताळात उतरू नये. पाव इंची प्लायला दोन किंवा तीन नंबर, पाऊण इंची फळीला पाच, त्याहून जाड व कठीण लाकडाला सात किंवा नऊ, एवढ्यावर संसार चालतो. कसोटी अशी की कोणत्याही क्षणी निदान तीन दाते लाकडाच्या जाडीत असलेच पाहिजेत. पाच नंबरच्या पात्याला इंचात साधारण बारा-तेरा दाते धरले तर पाव इंची प्लायमध्ये जेमतेम तीनच भरतात. त्याहून पातळ फळी दिल्यास दोन दातेच सगळ्याचा भार उचलतात आणि फळी मेजावर थडथड उडू लागते.

दात्यांच्या स्वभावाचाही दाखला पाहावा. एकाआड एक दाता गाळलेले पाते थंड राहते व भुसा नीट बाहेर टाकते. नवशिक्याने ते घ्यावे. काही पात्यांचे तळाकडचे मोजके दाते उलटे, म्हणजे वर तोंड करून असतात, त्यामुळे फळीच्या खालच्या अंगाला चिरफळ्या उडत नाहीत. ज्याला वर्खाचे प्लाय कापायचे आहे त्याने या उमेदवाराला डोळे मिटून घ्यावे. सहाणेवर घासून धार दिलेली पाती महाग असतात, दीर्घकाळ टिकतात, पण इतक्या झपाट्याने कापतात की पेन्सिलीची रेघ मागे राहते आणि मालक पुढे जातो. राहिले पिळाचे पाते. ते चहूबाजूंनी कापते, फळी फिरवावीच लागत नाही, आणि सर्व दिशा सारख्याच असल्यामुळे कोणत्याच दिशेशी त्याचे इमान नसते. कडही खरबरीत सोडते. सर्व खात्यांचे ज्ञान असलेला असा इसम प्रत्येक कचेरीत असतो, व त्याला कोठे बसवावे हे कोणालाच कळत नाही.

रुजू करून घेताना दाते खाली तोंड करून आहेत याची खात्री बोटाने करावी: पात्यावरून नख हलकेच वर नेले तर अडले पाहिजे. मग ताण. ढिले पाते कापताना कमानीसारखे फुगते, उभी कड तिरपी निघते आणि वाकून वाकूनच ते मरते. फाजील आवळलेले पाते चिमट्यापाशी तुटते. योग्य ताणाच्या पात्याला नखाने छेडले तर स्पष्ट, उंच नाद येतो, आणि बोटाने बाजूला दाबले तर ते सुमारे तीन मिलिमीटरहून अधिक हलत नाही. नव्या पात्याच्या टोकांना कारखान्याचे तेल असते. ते पुसून टाकावे, नाहीतर चिमटा कितीही आवळला तरी पाते ऐन कामात निसटते. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. घडवताना पात्याच्या एका अंगाला बारीक कंगोरा राहतो, त्यामुळे रेघ सरळ धरली तरी कापणी एका बाजूला, बहुधा उजवीकडे, सरकते. अशा वेळी पाते बदनियत आहे असे समजू नये. फळीच दोन-चार अंश तिरपी धरून पुढे न्यावी. सहकाऱ्याचा कल ओळखून कागद त्याच्या पुढ्यात सरकवणारा शिरस्तेदार जी युक्ती करतो तीच ही होय.

दीर्घायुष्याविषयी लोकांत फार गैरसमज आहेत. पाते क्वचितच स्वतः होऊन मरते; ते उष्णतेने मरते, आणि उष्णता मालकाच्या हातातून येते. फळी ढकलली, कोपऱ्यावर बाजूने दाबली, वळणापाशी पाते जागच्या जागी चालू ठेवून विचार करीत बसले, की कड तपकिरी पडते, जळक्या लाकडाचा वास येतो व दात्यांचे पाणी उतरते. कठीण लाकडाला यंत्राचा वेग कमी करावा. नमुन्याच्या कागदावर पार्सलची पारदर्शक चिकटपट्टी लावली तर जळणे बरेच कमी होते. सागवानाचा अभिमान सर्वांनाच आहे, परंतु त्यात वाळूच्या जातीचे सिलिका असते आणि ते दाते बोथट करते; प्लायमधला सरसही तेच करतो. शिवणीच्या मऊ फळीवर तेच पाते कितीतरी अधिक चालते, मात्र पाहुण्यांना ‘सागवानी’ म्हणून सांगता येत नाही.

खरी काटकसर मात्र अन्यत्र आहे. यंत्राचा झोका साधारण १९ मिलिमीटरचा असतो. फळी ६ मिलिमीटरची असली तर पात्याचे सुमारे २५ मिलिमीटरच लाकडाला स्पर्श करतात, बाकीचे दाते पूर्ण पगारावर बसून राहतात. मेजावर पाऊण इंची फळी ठेवून तिच्यावर काम केले की कापणीची जागा वर सरकते व आजवर आरामात असलेले दाते कामाला लागतात. एवढे ध्यानात ठेवावे की उलट्या दात्यांच्या पात्याला ही बदली मानवत नाही, कारण खालचे उलटे दाते मग फळीपर्यंत पोहोचतच नाहीत आणि ज्याच्यासाठी त्यांची नेमणूक झाली ते कर्तव्य अपुरे राहते.

बडतर्फीचा प्रश्न आला की मराठी गृहस्थाचे मन कातर होते. पाते तुटले नाही, म्हणजे ते अजून चांगले आहे, असा त्याचा युक्तिवाद असतो, आणि त्या युक्तिवादावर तो बोथट पात्याने संपूर्ण कमळ कापतो. अखंड पाते आणि धारदार पाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाताने जोर लावावा लागू लागला, रेघ सुटू लागली, भुशाऐवजी पीठ पडू लागले, की हुकूम काढावा. चौकशी नको, मुदतवाढ नको. डझनाच्या भावातल्या एका पात्यासाठी चांगल्या फळीची नासाडी करणे याला हिशेबात कोणतेही शीर्षक नाही. दात्यांना पुन्हा धार लावण्याचा प्रयत्न करू नये. तेवढ्या वेळात एखादा शहाणा माणूस दुसरे पाते लावून आपले काम उरकून बसलेला असतो.

बडतर्फ पात्यांना सेवेत घेण्याची एकच वाट आहे: तुटका तुकडा बांबूच्या काडीत रोवून सरसाने पक्का केला तर जाळीच्या कोनाकोपऱ्यांतला कचरा काढायला उपयोगी पडतो. बाकीचे तुकडे घंटागाडीत सुटे टाकू नयेत, उचलणाऱ्याच्या हातात रुततात. जाड कागदात गुंडाळून चिकटपट्टी लावावी. ते साठेपर्यंत पत्र्याच्या डब्यात ठेवावेत आणि झाकणावर ‘तुटलेली पाती’ असे ठळक अक्षरांत लिहावे. नुसते ‘पाती’ असे लिहिल्यास पुढच्या श्रावणात घाईघाईने तो डबा उघडणारा इसम आपणच असण्याचा संभव फार.