बिघडलं नाही, वेगळं झालं

भालकीच्या गुरुजींच्या हातून आजवर एकही पदार्थ बिघडलेला नाही. करपला असेल, फुटला असेल, पातेल्याला असा धरला असेल की काकूंनी पातेलंच मोडीत काढलं असेल. पण बिघडला नाही. करपलं की गुरुजी म्हणतात, ‘धुरी दिलीय.’ पातळ झालं की ते सार, घट्ट झालं की वडी, आणि वडी पडेना की चमच्यानं खायचा हलवा. पदार्थाचं नाव शेवटी ठेवायचं, ही त्यांची पद्धत. बारसं जन्मानंतरच करतात ना, आधी करतात का, असा त्यावर त्यांचा बिनतोड सवाल असतो.

ही जात गावोगाव आढळते. कृती वाचायची ती फक्त कुठं बदल करता येईल हे पाहण्यासाठी. वाटी समोर ठेवून बाजूला व्हायचं नाही, खाणाऱ्याच्या घशाकडे बघत उभं राहायचं. पहिला घास गिळायच्या आत ‘कसंय?’ विचारायचं आणि उत्तराच्या आत दुसरा डाव वाढायचा. गुरुजींची गोष्ट मात्र या जातीतही वरची. त्यांनी मराठी शाळेत विज्ञान शिकवण्यात उभी नोकरी घातली. त्यामुळे बँकेतला कॅशियर, बसचा कंडक्टर, दातांचा डॉक्टर, आडतीवरचा मुनीम, निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. नववीत ज्यानं आपल्याला अंगठे धरून उभं केलं, त्याच्या हातची वाटी परत कशी करणार? सगळे खातात. ‘छान झालंय, सर’ म्हणतात. कानडी बोलणारे ‘भाळ छलो अद री’ म्हणतात. गुरुजींना दोन्ही खरंच वाटतं.

आता हे सगळं अंजिरापाशी का येऊन ठेपलं, तर परसातल्या झाडामुळे. निवृत्तीच्या सुमारास कुणा विद्यार्थ्यानं सासवडकडून अंजिराचं रोप आणून दिलं. पुरंदरचं अंजीर म्हणजे मानाचं फळ, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं. भालकीची जमीन काळी, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी, आणि अंजिराच्या मुळांना साचलेलं पाणी खपत नाही. गुरुजींनी खड्ड्यात मुरूम घातला, विटांचे तुकडे घातले, न्हाणीच्या पाण्याचा पाट वळवला. बाग त्यांना मनापासून कळते, हे कबूल केलं पाहिजे. झाड असं लागलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

अंजिराची अडचण अशी की ते वाट बघत नाही. आंबा कच्चा काढून अढीत घालता येतो, केळ्याचा घड टांगता येतो. अंजीर झाडावरून काढलं की पिकणं तिथंच थांबतं. म्हणजे झाडावर पिकू द्यायचं. झाडावर पिकू द्यायचं तर बुलबुल, राघू आणि खारी आपल्याआधी हजर. आणि काढलेलं फळ दुसऱ्या दिवशी मलूल, तिसऱ्या दिवशी आंबूस. मार्च-एप्रिलात मीठा बहार आला की रोज सकाळी टोपलीभर अंजीर उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत संपवायचं. शहाणा माणूस शेजारीपाजारी वाटून मोकळा झाला असता. गुरुजीही वाटतात, पण शिजवून.

पहिला मान बासुंदीचा होता. दूध आटवून केशरी होत आलेलं, वेलची पडलेली. गुरुजींनी ताज्या अंजिराचा गर वरून सोडला, आणि डोळ्यांदेखत सगळं फाटून गुठळ्या झाल्या. घरात पाहुणे. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. गुरुजींना उलट हुरूप आला. अंजिराच्या चिकात फिसिन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं साकळवतं, म्हणून अंजीर आधी नीट उकळून घ्यायचं असतं, उकळलं की विकराचा जोर संपतो. हे सगळं त्यांनी पाहुण्यांना उभ्यानं सांगितलं. ग्रीकांना हे होमरच्या काळापासून ठाऊक होतं, ‘इलियड’मध्ये अंजिराच्या चिकानं दूध साकळल्याचा दाखला आहे, तोही दिला.

काकू पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या, ‘ग्रीकाला ठाव हुतं, मग तुमाला कसं नव्हतं?’

गुरुजींनी फडकं मागवलं, गुठळ्या गाळल्या, साखर घालून परतल्या आणि ताटात थापून ‘अंजीर कलाकंद’ म्हणून वाढल्या. खाणारे सांगतात, वाईट नव्हता. खालच्या पाण्यात मात्र त्यांनी कणीक भिजवली, त्या पोळ्यांबद्दल कुणी काही सांगत नाही.

त्याच विकरानं पुढं मटणावर हात फिरवला. कच्च्या पपईनं मटण मऊ होतं हे घरोघरी माहीत असतं; अंजिरानंही होतं. गुरुजींनी विचार केला, पपई अर्धा तास लावतात तर अंजीर रात्रभर लावू. सकाळी मटण मऊ नव्हतं, मटण असं काही उरलंच नव्हतं. तहारी करायची ठरली होती. गुलबर्ग्याची लेक आली होती आणि तिच्या सासरी तहारी म्हणजे जीव की प्राण. (कागदोपत्री २०१४ पासून कलबुर्गी झालं, पण लेकीचं सासर अजून गुलबर्ग्यातच आहे.) पातेल्यात कालथा फिरवला तर हाडं एकीकडं, लगदा एकीकडं. गुरुजींनी झाकण ठेवलं, क्षणभर डोळे मिटले आणि जाहीर केलं, ‘हलीम.’

त्या दिवशी जेवायला एक जुना विद्यार्थी होता, लग्नाच्या देगी उतरवणारा नावाजलेला बावर्ची. त्यानं दोन घास खाल्ले, बोटं चाटली, आणि मान खाली घालून अगदी अदबीनं म्हणाला, ‘सर, सब हौ, मगर हलीम में गेहूँ होना.’

‘तू सातवीतपण असाच शेवटच्या ओळीला अडायचास,’ गुरुजी म्हणाले.

आमचा हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या तीन भाषांत जेवत आलाय. १९५६ पर्यंत निजामी हैदराबादच्या संस्थानाचा आणि मग राज्याचा भाग, त्यामुळे एका ओट्यावर ज्वारीची भाकरी, हुग्गी आणि खुबानीचा मीठा सुखानं नांदतात. गुरुजी या वारशाचा पुरेपूर फायदा घेतात. खुबानीच्या जागी अंजीर, हुग्गीतल्या गुळाच्या जागी अंजीर, पुंडीच्या पालेभाजीत आंबट तोडायला अंजीर. मुरंब्याच्या बरण्यांवर नाव मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत लिहिलेलं असतं. वाचता आलं नाही अशी सबब कुणाला सांगता येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

त्यांचा सगळ्यांत अभिमानाचा प्रयोग म्हणजे पोळी. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये मानांकन मिळालं, हे पेपरात वाचल्यावर गुरुजी रात्रभर झोपले नाहीत म्हणे. एक मानांकन परसात, दुसरं लेकीच्या गावात. तुरीच्या डाळीचं पुरण, त्यात गुळाऐवजी अंजिराचा गर. ‘दोन मानांकनांची पोळी’ हे नाव, नियम मोडून, आधीच ठरलं होतं. गरात पाणी किती असतं हा हिशेब तेवढा राहिला. पुरण सैल पडलं, लाटण्याखालून चारी बाजूंनी निसटलं, तव्यावर पोचेपर्यंत पारी रिकामी. गुरुजींनी पारी भाजून वेगळी वाढली आणि पुरण वाटीत वेगळं. ‘विभक्त पुरणपोळी. ज्याला जेवढं गोड हवं तेवढं त्यानं लावून घ्यावं. यात लोकशाही आहे.’

गुरुजी सगळ्यांत सुंदर बोलतात ते न शिजवलेल्या अंजिरावर. एक फळ उभं चिरून हातावर ठेवतात आणि आपल्याला परत सातवीत बसवतात. आपण फळ म्हणतो ते खरं आतल्या बाजूला उमललेल्या शेकडो फुलांचं घर. दाराला फक्त टोकावरचं बारीक छिद्र. उंबराच्या त्या छिद्रातून चिलटाएवढी माशी आत शिरते, तिच्यावाचून उंबराचं बी धरत नाही. आपल्याकडच्या पूना जातीच्या अंजिराला मात्र माशीची गरजच नाही, फळ आपोआप भरतं. म्हणून उंबर फोडून केंबरं काढावी लागतात, अंजीर बिनधास्त खावं. एवढं ऐकलं की हातावरचं ते फळ, मधाळ, गुलाबी गराचं, तसंच तोंडात टाकावंसं वाटतं. तेवढ्यात गुरुजी ते परत घेतात. ‘थांब, याचं लोणचं करायचंय.’

माझं मत विचाराल तर त्या घरात अंजिराचा उत्तम पदार्थ काकू करतात. गुरुजी मळ्यात गेलेले असले की गरम भाकरी पाठीवरून फोडायची, आत लोण्याचा गोळा, शेंगाच्या चटणीची चिमूट आणि बोटांनी दाबलेली दोन पिकली अंजिरं. गोड, तिखट, लसणाचा वास, ज्वारीचा खरपूसपणा. मी हे एकदा गुरुजींसमोर बोललो. त्यांनी भाकरीची चव घेतली, विचार केला. ‘बरंय. पण यात प्रयोग कुठंय?’

वेळा अमावस्येची हकीकत भावकीत अजून निघते. मार्गशीर्षातली अमावस्या, अख्खं गाव रानात. कडब्याची कोप, तिच्यात लक्ष्मीची आणि पांडवांची पूजा, मग पंगत: बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी. भज्जीत वाल, तूर, वाटाणा, हरभरा, जे जे रानात ते सगळं पडतं, वर बेसन आणि चिंच. ती प्रत्येक घरी आजीच्या हिशेबानं होते आणि तिच्यात ढवळाढवळ करायची कुणाची छाती नसते. गुरुजींची होती. खट्ट्या बहाराची हिरवी अंजिरं झाडावर होती. कच्च्या उंबराची भाजी करतात, मग अंजिराची का नको? तर्क बरोबर होता. फक्त कच्चं फळ उकळून त्याचं पाणी ओतून द्यायचं असतं. गुरुजींनी चीक पौष्टिक समजून तसंच ढकललं. पहिल्या पंगतीचे ओठ चुरचुरायला लागले, पोरं जिभा बाहेर काढून बांधावर बसली.

‘काय करलालाव ओ हे? सणासुदीचं?’ थोरली भावजय कडाडली.

माणसं आंबिलाकडं धावली. एरवी दिवस मावळेपर्यंत पुरणारं बिंदगं दुपारीच पालथं झालं. गुरुजी घरी येऊन काकूंना म्हणाले, ‘यंदा आंबील काय खपली! भज्जीनं तहान वाढवली बघ.’

काकू जास्त बोलत नाहीत. पण मागच्या खेपेला गाणगापूरला मीही सोबत होतो म्हणून सांगतो. भीमा-अमरजेचा संगम, तिथला औदुंबर, निर्गुण पादुकांचा मठ. गुरुजींची तिथं नेमानं वारी. वाळक्या औदुंबराच्या लाकडाला श्रद्धेनं पाणी घालून पालवी फुटल्याची गुरुचरित्रातली कथा त्यांना फार प्रिय आहे, आणि अंजीर हे औदुंबराच्याच कुळातलं, हे ते दर्शनाच्या रांगेत पुढच्या-मागच्या दोघांना सांगतात. दुपारी तिथं माधुकरी. प्रत्यक्ष दत्तमहाराज कुठल्याही रूपात भिक्षेला येतात अशी श्रद्धा, म्हणून भक्त भिक्षा मागतातही आणि वाढतातही. पडेल ते प्रसाद म्हणून घ्यायचं, नाकारायचं नाही. गुरुजींनी बारा गावचे खाणारे पाहिले होते, पण नाकारताच येत नाही असे खाणारे त्यांना इथं पहिल्यांदा भेटले. डबाभर अंजिराच्या दशम्या घेऊन ते सावलीला उभे राहिले. ज्वारीचं पीठ, अंजिराचा गर, भिजवायला दूध (यावेळी गर उकळलेला), वर हिंग. हिंग का, ते विचारू नका.

तासाभरात डबा रिकामा. पुणे, कोल्हापूर, हुबळी, कुठकुठच्या झोळ्यांत दशम्या पडल्या. गुरुजींचा चेहरा उजळून निघाला. ‘बघितलंस? एकानं नको म्हटलं नाही.’

‘परत मागायला तरी कोन आलं?’ काकू म्हणाल्या.

‘माधुकरी पाच घरी मागायची असते. एकाच दारात दोनदा यायचं नसतं, असा नियमच आहे.’

‘मानसाला नियम असतो. त्या कुत्र्याला हुता का? वास घिऊन गेलं, अन्‌ पलीकडच्या बाईची वाळकी भाकरी खाल्लं.’

गुरुजींनी डबा मिटला, पिशवीत ठेवला, उपरणं झटकलं.

‘दत्ताजवळ कुत्री चार असतात,’ ते म्हणाले. ‘तिघांचं मत अजून यायचंय.’